आकाशातून पडलेला दगड हाती घेण्यापूर्वी

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी देवघराच्या खालच्या फळीवर कितीतरी वर्षे एक काळा, ओबडधोबड, मुठीएवढा दगड होता. माझ्या काकांना तो एका पावसाळ्यात, रात्री आकाशात मोठा उजेड दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शेताच्या बांधावर सापडला होता आणि तो 'वरून पडलेला' आहे याविषयी घरात कोणालाच शंका नव्हती. घरात येताच काकूंनी तो साबण लावून घासला, तांब्याभर पाण्याने धुतला आणि त्याला हळदकुंकू वाहिले. काकांनी त्याला लोहचुंबक चिकटते का ते पाहिले. आणि आत सोने असेल या आशेने आम्हा मुलांपैकी एकाने त्याचा कोपरा हातोडीने उडवला. पुढे भूविज्ञान शिकत असताना मी तो दगड माझ्या प्राध्यापकांना दाखवला. त्यांनी फुटलेल्या कोपऱ्यातली बुडबुड्यांची छिद्रे पाहिली आणि ही लोखंडाच्या भट्टीतली मळी आहे असे एका वाक्यात सांगून टाकले. घरी सगळे हिरमुसले. मला मात्र हायसे वाटले, कारण तो दगड खरोखरच अशनी असता, तर त्याच्याजवळची साक्ष आम्ही एकाच सकाळी चार वेगवेगळ्या प्रकारे पुसून टाकली होती.

अशा दगडाजवळ कोणती साक्ष असते, हे अलीकडच्या एका शोधावरून चांगले समजते. 'ओसायरिस-रेक्स' यानाने बेन्नू या लघुग्रहावरून आणलेली १२१.६ ग्रॅम माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील यूटाच्या वाळवंटात उतरली आणि नंतर नायट्रोजन भरलेल्या बंद पेट्यांत ठेवून तपासण्यात आली. जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या मातीत सजीव प्रथिने बनवण्यासाठी वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी १४, डीएनए व आरएनए यांच्या घडणीतील पाचही नायट्रोजनयुक्त रेणू आणि खाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होऊन मागे राहिलेले क्षार आढळले. जीवसृष्टी सापडली असा याचा अर्थ नाही. तिचा कच्चा माल साडेचार अब्ज वर्षांपूर्वीही तयार होत होता, एवढाच याचा अर्थ आहे. ही अमिनो आम्ले पृथ्वीवरची नाहीत हे ठरवण्याची एक खूणही तिथेच मिळाली. डावा आणि उजवा पंजा जसा एकमेकांचे प्रतिबिंब असतो तशी बहुतेक अमिनो आम्लांची दोन रूपे असतात. पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी केवळ 'डावी' वापरतात, तर बेन्नूच्या मातीत दोन्ही जवळजवळ समप्रमाणात होती. आता आपल्या बोटांवरचा घाम अशा दगडाला लागला तर काय होईल याचा विचार करावा. घामातही अमिनो आम्ले असतात, आणि ती बहुतेक 'डावी' असतात.

म्हणून सापडलेल्या वस्तूकडे हात नेण्यापूर्वी पहिला प्रश्न हा विचारावा की ती दगड आहे की माणसाने घडवलेली वस्तू आहे. हा प्रश्न आमच्या भागात पुस्तकी राहिलेला नाही. मे २०२२मध्ये शेजारच्या आणंद जिल्ह्यातील भालेज, खंभोळज आणि रामपुरा या गावांत आकाशातून धातूचे मोठे गोळे पडले होते, आणि ते एखाद्या अग्निबाणाच्या टाक्या असाव्यात असा जाणकारांचा कयास होता. त्याआधी एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे प्रचंड कडे कोसळले होते. वस्तू गोल, पोकळ, जोडकाम केलेली किंवा काळ्या तंतूंनी गुंडाळलेली दिसली, तर तिच्या जवळ जाऊ नये, वारा तिच्याकडून आपल्याकडे येत असेल त्या बाजूला तर मुळीच जाऊ नये आणि मुलांना व गुरांना दूर ठेवून ११२ क्रमांकावर कळवावे. यानांच्या इंधनात वापरले जाणारे हायड्रेझिन अत्यंत विषारी असते, आणि टाकीत त्याचा अंश उरला आहे की नाही हे बाहेरून ओळखता येत नाही. तुटलेल्या तंतूंचे बारीक कण त्वचेत व श्वासनलिकेत जातात. १९७८मध्ये 'कॉसमॉस ९५४' हा सोव्हिएत उपग्रह कॅनडात कोसळला तेव्हा त्यात अणुभट्टी होती, हे उदाहरण विरळ असले तरी विसरण्यासारखे नाही. असा तुकडा घरी नेऊन ठेवण्याचा आपल्याला अधिकारही नाही, कारण आंतरराष्ट्रीय करारांनुसार त्याची मालकी प्रक्षेपण करणाऱ्या देशाकडेच राहते.

वस्तू दगड आहे असे दिसले, तर मात्र घाई कमी आणि टिपणे अधिक हवीत. आकाशात अग्निगोल पाहिला असेल तर आपण नेमके कुठे उभे होतो, तो कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेला आणि उजेड दिसल्यानंतर किती वेळाने गडगडाट ऐकू आला, हे त्याच रात्री लिहून ठेवावे. उंची सांगताना 'खूप वर' असे न लिहिता हात लांब करून मूठ धरावी: एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश, तेव्हा क्षितिजापासून तीन मुठी वर असे लिहिले तरी ते उपयोगी पडते. तो 'समोरच्या चिंचेमागे पडला' असे सांगणारे साक्षीदार बहुधा शंभर किलोमीटर दूर असतात, म्हणून अंतराचा अंदाज लिहूच नये. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. ते लगेच उतरवून घ्यावे. २८ जानेवारी १९७६ रोजी सौराष्ट्रात धजाला येथे अशनी पडला तेव्हा असे कॅमेरे नव्हते, आणि लोकांनी सांगितलेल्या दिशा व वेळा यांवरूनच त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढण्यात आली.

मग दगडाजवळ जाऊन, त्याला न हलवता, फोटो काढावेत. पहिला फोटो दुरून, ज्यात झाड, बांध किंवा भिंत अशी ठरलेली खूण येईल. दुसरा जवळून, शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून. आणि पुढचे चारही बाजूंनी. फोनमधल्या नकाशावरून अक्षांश व रेखांश लिहून घ्यावेत. फोटो एकदाच काढून थांबू नये, पावसाचे किंवा ओलीचे भय नसेल तर तेच कोन धरून काही तासांनी आणि शक्य झाल्यास दुसऱ्या दिवशीही पुन्हा काढावेत.

या पुनरावृत्तीवर माझा विशेष भर आहे, कारण प्राचीन जीवनाविषयीचे अलीकडचे दोन दावे केवळ अशा दुसऱ्या नजरेमुळे निकाली निघाले. भोपाळजवळच्या भीमबेटका येथे एका गुहेच्या छतावर पानासारखा ठसा दिसला आणि तो सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या 'डिकिन्सोनिया' या जीवाचा आहे असे २०२१मध्ये जाहीर झाले. नंतर दुसऱ्या अभ्यासकांनी तेथे जाऊन पाहिले, तर तो ठसा खडकावरून सोलवटत चालला होता. जीवाश्म इतक्या थोड्या काळात सोलवटत नाही. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते, आणि मूळ संशोधकांनीही ते मोकळेपणाने मान्य केले. दुसरी गोष्ट जपानच्या 'हायाबुसा-२' यानाने डिसेंबर २०२०मध्ये रयुगू लघुग्रहावरून आणलेल्या सुमारे ५.४ ग्रॅम कणांची आहे. त्यांपैकी जेमतेम एक मिलिमीटरचा एक कण लंडनमधील प्रयोगशाळेत तपासला जात असताना त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तंतू आणि दांडे दिसले, जे हुबेहूब जिवाणूंसारखे होते. संशोधकांनी ते दिवसामागून दिवस मोजले. आकडा वाढत गेला आणि पुढे कमी झाला, आणि त्या वाढीवरून एका पिढीचा कालावधी सुमारे ५.२ दिवस निघाला. आधी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत तसले काहीही नव्हते. कण हवेत उघडा झाल्यावर पृथ्वीवरचे जिवाणू त्यावर राहायला आले होते, एवढाच निष्कर्ष २०२४मध्ये निघाला. जगातील सर्वांत काटेकोर हाताळणीत हे घडते, तर आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर काय घडेल हे सांगायला नको.

उचलण्यासाठी लागणारे साहित्य मात्र त्याच स्वयंपाकघरात असते. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलची शक्यतो नवी गुंडाळी घ्यावी, तिचा वरचा एक वेढा फाडून टाकावा आणि आतल्या बाजूचा तुकडा वापरावा. औषधांच्या दुकानात मिळणारे, पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि तोंडाला मास्क लावावा, कारण वाकून बघताना आपण नकळत त्या दगडावर बोलत असतो. हातमोजे नसतील तर फॉइलचा मोठा तुकडा हातावर घेऊन त्यानेच दगड पकडावा आणि तसाच गुंडाळावा. ही पुडी पट्टी दाबून बंद होणाऱ्या नव्या पिशवीत घालून ती दुसऱ्या पिशवीत ठेवावी, आणि दोन पिशव्यांच्या मध्ये बुटांच्या खोक्यात येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. चिकटपट्टी, वर्तमानपत्र, कापूस आणि रुमाल दगडाला लागू देऊ नयेत. कापसाचे आणि कागदाचे तंतू पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत वस्तूसारखे दिसतात आणि कोणाचे तरी आठवडे वाया घालवतात.

आणखी दोन पुड्या कराव्यात, ज्या सहसा कोणी करत नाही. एकीत दगडाखालची आणि त्याच्या शेजारची मूठभर माती घ्यावी, आणि दुसरीत त्याच गुंडाळीतला कोरा फॉइलचा तुकडा ठेवावा. प्रयोगशाळेत दगडावर एखादा रेणू सापडला, तर तो शेतातल्या मातीतून आला की फॉइलवरून, हे या दोन पुड्यांमुळे ताडून पाहता येते. अंटार्क्टिकात १९८४मध्ये सापडलेल्या 'ॲलन हिल्स ८४००१' या मंगळावरून आलेल्या दगडात जीवाच्या खुणा असल्याचे १९९६मध्ये मोठ्या गाजावाजाने सांगितले गेले. त्यातील अमिनो आम्ले मात्र भोवतालच्या बर्फातून मुरलेली असल्याचे दोनच वर्षांत दाखवले गेले, आणि ते दाखवता आले ते बर्फही तपासल्यामुळेच.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यात मोठा शत्रू पाणी आहे. १७ ऑगस्ट २०२२ रोजी बनासकांठा जिल्ह्यातील दियोदर तालुक्यात भर पावसाळ्यात अशनी पडला. रांटीला गावी त्याचा एक भाग कडुनिंबाच्या फांदीवर आपटून फुटला. तो 'ऑब्राइट' नावाच्या अतिशय दुर्मीळ प्रकारचा निघाला, आणि त्याआधीचा या प्रकारचा भारतातील अशनी थेट १८५२मध्ये उत्तर प्रदेशात बस्ती येथे पडलेला होता. या प्रकारात पाण्याचा स्पर्श होताच बदलू लागणारी खनिजे असतात, म्हणून धुणे तर सोडाच, ओल्या हवेत उघडे ठेवणेही वाईट. इंग्लंडमध्ये २८ फेब्रुवारी २०२१ रोजी विंचकोम येथे पडलेला अशनी एका घराच्या अंगणातून दुसऱ्याच सकाळी पिशव्यांत भरला गेला होता, तरीही पृथ्वीवरच्या दमटपणाने त्यात नवे क्षार तयार झाल्याचे पुढे आढळले. कॅनडात जानेवारी २०००मध्ये गोठलेल्या टॅगिश सरोवरावर तुकडे पडले, तेव्हा ते गोळा करणाऱ्या स्थानिक माणसाने त्यांना हात न लावता पिशव्यांत घालून गोठलेलेच ठेवले, आणि तो नमुना आजही मोलाचा मानला जातो. यावरून आपण दगड घरच्या फ्रिजमध्ये ठेवावा असे मात्र कोणी समजू नये. दार उघडले की गार पिशवीवर दव धरते, आणि शेजारी कोथिंबीर असते. कोरड्या, सावलीतल्या कपाटात स्टीलच्या डब्यात तो बरा.

चुंबकाविषयी थोडे कडक लिहावे लागेल. 'चुंबक चिकटले तर अशनी' ही कसोटी घरोघरी सांगितली जाते, आणि तीच सर्वांत घातक आहे. मंगळावरून आलेला 'ब्लॅक ब्यूटी' नावाचा प्रसिद्ध अशनी ४.४ अब्ज वर्षे जुन्या चुंबकीय क्षेत्राची नोंद सांगू शकला असता, परंतु तो गोळा करणाऱ्यांनी लावलेल्या चुंबकांमुळे तपासलेल्या तुकड्यांतील ती नोंद पुसली गेल्याचे २०२३मध्ये सिद्ध झाले. शिवाय ही कसोटी फसवीही आहे. भट्टीतली मळी चुंबकाला चिकटते, आणि ज्यात लोह फारच थोडे असते असा ऑब्राइट या परीक्षेत नापास होण्याचीच शक्यता अधिक. हातोडी, कानस, व्हिनेगर आणि फरशीवर घासून रेघ पाहणे या सर्वांना हाच नियम लावावा.

मग ओळखायचे कसे, तर फक्त डोळ्यांनी आणि वजनाच्या अंदाजाने. नुकत्याच पडलेल्या अशनीवर कोळशासारखे काळे, पातळ कवच असते, ज्याची जाडी बहुधा एक-दोन मिलिमीटरच्या आत असते. एखादा कोपरा आपणहून फुटला असेल तर आतला रंग वेगळा, पुष्कळदा फिकट दिसतो. पृष्ठभागावर ओल्या कणकेत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात. आत बुडबुड्यांची छिद्रे, काचेसारखी चमक किंवा गारगोटीचे स्फटिक दिसले, तर तो जवळजवळ नक्कीच अशनी नाही, आणि बडोद्यासारख्या कारखान्यांच्या शहरात रस्त्याच्या भरावात मळी इतकी असते की शंभरांतले नव्व्याण्णव दगड येथेच गळतात. तो तापलेला होता का, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. लहान अशनी वातावरणातून खाली येईपर्यंत बहुधा थंडच झालेला असतो.

अशा दगडात जीव दिसला असे कोणी सांगितले, तर १८६४मध्ये फ्रान्समधील ऑर्गुए येथे पडलेल्या अशनीची आठवण ठेवावी. त्याच्या एका तुकड्यात वनस्पतीच्या बिया होत्या, आणि तो तुकडा शंभर वर्षे संग्रहालयातील बरणीत बंद होता. १९६०च्या दशकात बरणी उघडल्यावर बिया गोंदाने आणि कोळशाच्या भुकटीने बेमालूम बसवलेल्या असल्याचे उघड झाले. खोडी काढणाऱ्याला आपला विनोद कोणी पाहिला नाही याचे किती वाईट वाटले असेल, असा विचार मनात येतो खरा.

या दगडातून आपल्याला रोग होईल का, असे मला शेजारच्या आजी नेहमी विचारतात. अशनी पृथ्वीवर अब्जावधी वर्षे पडत आले आहेत, आणि बेन्नू, रयुगू यांसारख्या लघुग्रहांवरचे किंवा चंद्रावरचे नमुने आणताना जैविक विलगीकरण आवश्यक मानले जात नाही. चंद्रावरून परतलेल्या पहिल्या अंतराळवीरांना मात्र २१ दिवस वेगळे ठेवले होते, आणि अपोलो १४नंतर ती प्रथा बंद झाली. मंगळाचा नमुना आणायचा झाल्यास नियम कडक आहेत, कारण तेथे कधीकाळी पाणी वाहत होते. 'पर्सिव्हरन्स' बग्गीने जुलै २०२४मध्ये 'चेयावा फॉल्स' या खडकातून नमुना घेतला. त्यावरील बिबट्याच्या ठिपक्यांसारख्या डागांत व्हिव्हियानाइट व ग्रेगाइट ही खनिजे असावीत असे सप्टेंबर २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. पृथ्वीवर ती कधी जिवाणूंमुळे बनतात आणि कधी जिवाणूंशिवायही बनतात, म्हणून तो डाग अजून पुरावा झालेला नाही.

खरी धास्ती उलट दिशेची आहे. १९६७च्या अंतराळ करारातील नववे कलम इतर ग्रहांना घातक दूषितीकरणापासून जपण्याचे बंधन घालते. मंगळावर उतरणाऱ्या यानावर साधारणपणे तीन लाखांहून अधिक बीजाणू, म्हणजे जिवाणूंची चिवट, सुप्त रूपे, नसावीत अशी मर्यादा आहे, आणि १९७६मध्ये तेथे उतरलेल्या 'व्हायकिंग' यानांना उड्डाणापूर्वी सुमारे ११२ अंश सेल्सियसला तीस तास भाजून काढले होते. तरीही 'फीनिक्स' यानाच्या जुळणीच्या निर्जंतुक दालनातून २६ नव्या जातींचे जिवाणू मिळाल्याचे २०२५मध्ये जाहीर झाले. आपण जितके अधिक घासतो, तितके घासण्याला दाद न देणारे तेवढेच मागे उरतात. भांडी घासणाऱ्या कोणालाही हे पटेल.

डबा सोपवताना सोबत एक कागद द्यावा, ज्यावर कोणी, केव्हा, कुठे, कशाने उचलले आणि त्यानंतर कोणी उघडले, हे क्रमाने लिहिलेले असेल. चूक झाली असेल, म्हणजे हात लागला असेल किंवा काकूंनी धुतला असेल, तर तेही लिहावे. लपवलेला साबण नंतर फार महाग पडतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग जवळ असल्याने पहिली नजर तेथे टाकून घेता येते. पुढची तपासणी अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत होऊ शकते, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवणे आवश्यक आहे, ज्याचा अशनींचा संग्रह कोलकात्यात आहे. दगड देताना वजन लिहिलेली, तारखेची पोच घ्यावी. एका ठिकाणी माझ्याकडून घेतलेला नमुना 'पाहतो' म्हणून ठेवून घेतला गेला आणि वर्षभराने तो कोणाच्याच कपाटात सापडला नाही, तेव्हापासून पोच मिळेपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही.

आमच्या कपाटात आता बिस्किटांचा एक रिकामा डबा कायम तयार असतो: फॉइलची न उघडलेली गुंडाळी, दोन जोड हातमोजे, सहा पिशव्या, सिलिका जेल, पेन्सिल, वही आणि दहाचे एक नाणे. नाणे दर महिन्याला कोणीतरी भाजीसाठी उचलून नेते. काकूंचा दगड स्वयंपाकघराचे दार अडवायला ठेवलेला आहे, आणि त्याच्या छिद्रांत हळदीचा पिवळा रंग अजून दिसतो.